अंतिम आठवड्यातून मित्रास पत्र

आमदार निवास, नागपूर
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. ‘आता तीन-चारच दिवस राहिले, म्हणजे तुझा भार हलका झाला असेल’ असे तू लिहिले आहेस, आणि ते वाचताना माझ्या मांडीवर दुसऱ्या दिवसाची कामकाज पत्रिका, दोन विधेयकांच्या प्रती आणि दिवसभरात हाती आलेल्या निवेदनांचा गठ्ठा होता. अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वाटत असते की आपला विषय आज नाही तर उद्या निघेल. अखेरच्या आठवड्यात हे ‘उद्या’ बोटांवर मोजता येतात.

धरणग्रस्तांच्या प्रश्नाबद्दल तू दर पत्रात विचारतोस, म्हणून तेच आधी सांगतो. पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांची नावे अजून चढलेली नाहीत, याबाबत मी नियम 105 अन्वये लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या प्रश्नावर मंत्र्यांकडून सभागृहात निवेदन मागणारी सूचना, दिली होती. ती स्वीकृत झाली, खात्याचे छापील निवेदन आले आणि सोमवारी ती नवव्या क्रमांकावर लागली. सहाव्या लक्षवेधीवर उपप्रश्नांमागून उपप्रश्न येत राहिले, वेळ संपली आणि उरलेल्या सगळ्या पुढे ढकलल्या गेल्या. मंगळवारी ती तिसरी होती. परंतु माझे नाव पुकारले गेले तेव्हा मंत्रिमहोदय विधान परिषदेत उत्तर देत होते. दोन्ही सभागृहे एकाच वेळी बसतात आणि एका माणसाला दोन ठिकाणी उभे राहता येत नाही, हे मलाही कळते. तरी हातातला कागद पुन्हा घडी करून खिशात घालताना राग आला, हे तुझ्यापासून काय लपवू? विधेयक अर्धवट राहिले तर राज्यघटनेच्या कलम 196 नुसार ते सत्रसमाप्तीमुळे व्यपगत, म्हणजे रद्दबातल, होत नाही, त्यामुळे पुढच्या अधिवेशनात ते हाती घेता येते. लक्षवेधीच्या नशिबी ते नाही. अधिवेशन संस्थगित झाले की पुन्हा नवी सूचना, पुन्हा नवे निवेदन आणि पुन्हा तीच रांग.

विधेयकांवरून आठवले. काल रात्री माझ्याकडून जे घडले ते इथे कोणापाशी बोललो नाही. पुरवणी मागण्या आटोपल्या होत्या, विरोधकांच्या अंतिम आठवडा प्रस्तावावरील भाषणे लांबली होती आणि 288 जणांच्या सभागृहात गणपूर्तीला लागणारे 29 सदस्य तरी आहेत का, असे वाटावे इतके बाक मोकळे होते. दुपारी हाती पडलेले एक विधेयक त्या वेळी विचारार्थ आले. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत’ हे शब्द पीठावरून एका लयीत येत होते, खंडामागून खंड विधेयकाचा भाग होत होते आणि मीही सत्ताधारी बाकावरून त्याच लयीत ‘होय’ म्हणत होतो. खोलीवर येऊन ते नीट वाचले, तेव्हा अपिलाची मुदत निम्म्यावर आणणारा एक खंड दिसला. तालुक्याहून जिल्ह्याला कागद नेण्यातच ज्यांचे दिवस जातात, त्यांना ती मुदत पुरणार नाही. दुरुस्ती सुचवायची होती, तर ती आधी द्यायला हवी होती. वाचलेच नव्हते, तर सुचवणार काय? आज परिषदेतील आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांना तो खंड दाखवला. त्यांना मुद्दा पटला, परंतु परिषदेने दुरुस्ती केली तर विधेयक पुन्हा आमच्याकडे यावे लागेल, आणि त्यासाठी दोनच दिवस उरले आहेत. ते म्हणाले, ‘बोलून पाहतो.’ या शब्दांचा अर्थ तुला सांगायला नको.

मोर्चांविषयी तू विचारले होतेस. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथे होते, सरकार फायलींसह इथे येते आणि त्याच्यामागोमाग लोकही येतात. शेवटच्या दिवसांत शिष्टमंडळांची घाई वाढते. आज एक वृद्ध गृहस्थ प्रवेशपासासाठी तीन तास फाटकाबाहेर उभे होते. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी केवळ माझी सही मागितली, कारण गावाला परत गेल्यावर आपण आमदारांना भेटलो हे दाखवायला त्यांना काहीतरी हवे होते.

आता मुख्य बातमी. आज सकाळी लक्षवेधींसाठी विशेष बैठक झाली आणि आपला विषय एकदाचा निघाला. निवेदनाच्या शेवटी अपेक्षेप्रमाणे ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच वाक्य होते. या वाक्याला कोणी धरू शकत नाही, म्हणून मी भाषण टाळले आणि एवढेच विचारले, की ती किती दिवसांत पूर्ण होईल. मंत्रिमहोदयांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिले, तिथून एक चिठ्ठी आली, त्यांनी ती वाचली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तीन महिन्यांत.’ मी खाली बसलो. तारीख असलेल्या उत्तराचा पाठपुरावा, मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे करता येतो, आणि तीन महिने म्हणजे मुंबईतले अर्थसंकल्पीय अधिवेशन. तेव्हा तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारा, प्रश्न विचारायचा हे मी आजच टिपून ठेवले आहे.

धाकधूक एकच आहे. त्या क्षणी मागच्या बाकांवर गोंगाट सुरू झाला होता, त्यामुळे ते दोन शब्द कामकाज टिपून घेणाऱ्या प्रतिवेदकांच्या कानी पडले की नाहीत, हे मला ठाऊक नाही. उद्या त्या कामकाजाची प्रत हाती आली की आधी तेच पाहीन. शब्द असले तर त्या पानाची छायाप्रत तुला पाठवतो. पानावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असे छापलेले असेल, तेव्हा कृपा करून ती गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नकोस. धरणग्रस्तांच्या वसाहतीत जाऊन तुझ्या तोंडाने वाचून दाखव.

तुझाच,
जुना बाकमित्र