ऐनवेळचा विषय

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, नगरसेवक कोणी का होईना, काय फरक पडतो? एका मतासाठी एवढा प्रवास कशाला करू?" मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, बाबा रागावले. रागावलो नव्हतो गं. रविवारी इथे जे झालं ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय तुला उत्तरही देता आलं नसतं. म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

रविवारी संध्याकाळी चारही इमारतींमधली माणसं आपल्या गच्चीवर जमली होती. पन्नासएक तरी असतील. अर्ज भरायला अजून अवकाश आहे, कोणाला तिकीट मिळणार तेही ठरलेलं नाही, पण कोण उभं राहणार याची कुजबुज महिनाभर चालू आहे. तीन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. एक आपले आताचे नगरसेवक. दुसऱ्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आणि तिसरा तो तरुण, वर्षभर ज्याचे फलक प्रत्येक कोपऱ्यावर लागलेत.

दीड तास नुसता कल्ला झाला. "माणूस चांगला आहे हो." "हाकेला धावून येतो." "बाई सज्जन आहेत, पण तिथे त्यांचा निभाव लागायचा नाही." "पोरगा धडाडीचा आहे, एकदा संधी देऊन बघू." मग कोणीतरी म्हणालं, काही झालं तरी आपला माणूस पाहिजे. त्यावर आपला म्हणजे कोणाचा, गल्लीतला की पक्षातला, यावर वीस मिनिटं गेली. मी कठड्याला टेकून ऐकत होतो.

इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहराच्या भिंती आठवल्या. इसवी सन ७९ मध्ये ते शहर व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं आणि भिंतींवर रंगवलेली नगराच्या निवडणुकीची आवाहनं तशीच्या तशी राहिली. अडीच हजारांहून जास्त सापडली आहेत. शेजारीपाजारी, पाववाले, कपडे धुणारे, सगळे अमक्याला निवडा म्हणून विनवतात. बायकांना मत नव्हतं, तरी विनवणाऱ्यांत त्यांचीही नावं आहेत. का निवडा, तर बहुतेक ठिकाणी कारण एवढंच: चांगला माणूस, नगराला शोभणारा. हे शब्द इतके अंगवळणी पडले होते की रंगवणारे ते पुरते लिहायचेही नाहीत, नुसती आद्याक्षरं काढून मोकळे व्हायचे. आपल्या गच्चीवर रविवारी तेच चाललं होतं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू उठल्या. तुला माहीत आहेच, त्या सभेत कधी बोलत नाहीत. त्यांच्या हातात एक पिवळी फाइल होती. मागच्या पुरात भिजलेली, कोपरे फुगून जाड झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "गेल्या पाच वर्षांत आपले नगरसेवक सभागृहात काय बोलले, इथे कोणाला माहीत आहे का?"

कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्राचा कोपरान् कोपरा वाचणारा मी, आपल्या माणसाने सभागृहात पाच वर्षांत एकदा तरी तोंड उघडलं का, हे मला सांगता येईना.

काकूंनी फाइल उघडली. महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं होती त्यात. चार महिने खेटे घालून, अर्ज करून, पोच घेऊन त्यांनी एकेक पान मिळवलं होतं. पेन्सिलीने बारीक रेघा मारलेल्या होत्या. त्यातला एक ठराव त्यांनी वाचून दाखवला. जेमतेम चौदा ओळी. आपल्या मागच्या बाजूच्या पावसाळी गटारासाठी अंदाजपत्रकात ठेवलेली रक्कम चौकाच्या सुशोभीकरणाकडे वर्ग करावी. सूचक, आपले नगरसेवक. अनुमोदक, ज्या पक्षाशी त्यांचं रोज रस्त्यावर भांडण असतं त्या पक्षाचे सदस्य. खाली शेरा: ऐनवेळचा विषय, एकमताने मंजूर.

तुला हे शब्द नवे असतील म्हणून सांगतो. सभेच्या आधी सदस्यांना विषयपत्रिका मिळते, म्हणजे कोणत्या विषयावर बोलायचं आहे ते आधी कळतं, वाचता येतं, लोकांना विचारता येतं. जो विषय त्यात नसतो आणि सभा चालू असताना पुढे येतो, तो ऐनवेळचा. कधी खरोखरच निकड असते, नाही असं नाही. पण ज्याची चर्चा होऊ नये असं वाटतं, तेही याच दाराने आत येतं. आणि वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला देणं. अंदाजपत्रक वाजतगाजत मंजूर होतं, त्याची बातमी येते. नंतर त्यातलं काय कुठे वळलं, तिकडे कोणी बघत नाही.

ते गटार झालंच नाही. चौकात कारंजं झालं. दुसऱ्या पावसाळ्यात काकूंच्या घरात पाणी शिरलं, पलंगाच्या फळीपर्यंत. त्या रात्री मी आणि शेजारचे दोघे बादल्यांनी पाणी उपसत होतो, तेव्हा पहाटे दोनला गुडघाभर पाण्यातून कोण आलं, आठवतं? नगरसेवकच. स्वतः सतरंज्या घेऊन आले, काकूंना हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. आम्ही सगळे गहिवरलो होतो. काकूंनी तर त्यांना हात जोडले होते. रविवारी तो चौदा ओळींचा ठराव वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांनी माझ्या घरात पाणी येऊ दिलं, त्यांनाच मी त्या रात्री हात जोडले."

गच्चीवर आधी शांतता आणि मग गदारोळ. दुसऱ्या इमारतीतले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, वहिनी, उपकार विसरू नका, वेळेला तोच माणूस उभा राहतो. काकू म्हणाल्या, विसरले असते तर ही फाइल उघडायला चार महिने कशाला लावले असते?

आता माझी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितलेली नाही. आजोबा गेले त्या रात्री गाडी मिळत नव्हती. याच नगरसेवकांना फोन केला, दहा मिनिटांत ते गाडी घेऊन दारात. दवाखान्यात सकाळपर्यंत माझ्या शेजारी बाकावर बसून होते. तू लहान होतीस, शेजाऱ्यांकडे झोपवलं होतं तुला. त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत मी डोळे मिटून त्यांना मत दिलं. आईने एकदा विचारलं होतं, काम काय केलं त्यांनी? मी तिच्यावर खेकसलो. त्या रात्रीचं ऋण मी आजही मानतो. पण ऋण माझं होतं, आणि ते मी प्रभागाच्या मताने फेडलं. काकूंच्या भिंतीवर ओलीची जी रेघ आहे तिच्यात माझाही हात आहे, हे मला रविवारी कळलं. रात्रभर झोप लागली नाही.

अमेरिकेतल्या समाजसेविका जेन ॲडम्स यांच्याबद्दल मी वर्गात नेहमी सांगायचो. शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात त्यांनी १८८९ मध्ये हल हाऊस हे वस्तीतल्या लोकांसाठीचं सेवाकेंद्र सुरू केलं. गरीब, परदेशांतून आलेल्या कामगारांची वस्ती. कचरा इतका साचलेला की १८९५ मध्ये त्या स्वतःच वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे गाड्यांच्या मागे फिरू लागल्या. एका अरुंद रस्त्यावरची घाण उपसल्यावर दीड फूट खाली फरसबंदी लागली. रस्ता पक्का आहे हेच तिथल्या लोकांना ठाऊक नव्हतं! आणि तिथला नगरसेवक, जॉनी पॉवर्स, काय करायचा? कोणाच्या घरी मृत्यू झाला की हजर. कोणाचं भाडं थकलं की मदत, कोणाच्या मुलाला नोकरी, सणाला घरोघर भेटी. ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पाडायचा प्रयत्न केला. १८९८ मध्येही तोच निवडून आला.

हे शिकवताना मी पोरांना सांगायचो की लोक फसले. आता वाटतं, माझं ते शिकवणं चुकीचं होतं. ॲडम्स यांनी स्वतः तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं ते असं की गरीब माणसाला चांगुलपणा कळतो तो दारात आलेल्या माणसाच्या रूपात, आणि त्यात काही गैर नाही. ज्यांना शहर सुधारायचं होतं, ते त्या दारांपर्यंत गेलेच नव्हते. त्या वस्तीतली माणसं मूर्ख नव्हती, कृतज्ञ होती. मीही मूर्ख नव्हतो, चिऊ. पण माझ्या कृतज्ञतेपायी एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला.

नगरसेवक रात्री दोनला सतरंजी घेऊन येतो तेव्हा तो शेजारधर्म पाळत असतो. तो तू पाळशील, मीही पाळीन. जे फक्त त्यालाच करता येतं ते दुसरंच आहे. सभागृहात बसून अंदाजपत्रकावर बोलणं, निविदा कोणाला आणि किती दराने गेली ते विचारणं, समितीत कागद वाचणं, आणि हात वर करायची वेळ आली की तो वर करायचा की नाही हे ठरवणं. तिथे आपल्यापैकी कोणीच जाऊ शकत नाही. तिथे तो एकटाच आपला असतो.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे फार जणांना माहीत नसतं. १८७६ पासून. निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. सरकारने नेमलेल्या सदस्याने सरकारच्या सर्वांत मोठ्या माणसाच्या स्वागताला विरोध करायचा म्हणजे काय, विचार कर. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. विरोधात मत देणारे ते एकटेच होते. प्रस्ताव मंजूर झाला, ते हरले. पण त्या दिवशी त्या सभागृहात 'एकमताने' असं लिहिता आलं नाही. काकूंनी तो शेरा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच आलं.

तू विचारशील, मग आता कोणाला मत देणार? माझं ठरलेलं नाही. बाईंकडे माझा थोडा कल आहे, कारण सभा संपल्यावर त्यांनी काकूंकडे ती फाइल वाचायला मागितली आणि अंदाजपत्रक आपल्याला वाचता येत नाही हेही कबूल केलं. तो तरुणही आला होता शेवटी. उद्यान देतो, चोवीस तास पाणी देतो, तरुणांना रोजगार देतो म्हणाला. रोजगार महापालिका कशी देणार, हे त्याला कोणी विचारलं नाही, मीही नाही. पण वय लहान आहे, शिकेल. आताच्या नगरसेवकांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांची बाजू अजून ऐकलेली नाही. त्या ठरावामागे काही कारण असेल तर ते त्यांनी सांगावं, मी कान देऊन ऐकेन.

आणि एका मताने काय होतं म्हणालीस ना? २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. त्या प्रभागातली किती माणसं त्या दिवशी घरी बसली असतील? लोकसभेला लाखोंच्या मतात आपलं मत कुठे गेलं कळत नाही. प्रभागात कळतं. इथे कधीकधी चार इमारती मिळून निकाल फिरवतात.

येत्या रविवारी तिघांनाही गच्चीवर बोलावलं आहे. भाषणं नकोत असं ठरलंय. तिघांना एकच प्रश्न, तोही आधी लेखी कळवलाय: गेल्या पाच वर्षांतला कोणता एक ठराव तुम्ही सभागृहात असता तर अडवला असता, किंवा असून का अडवला नाही? उत्तराला प्रत्येकी दहा मिनिटं. प्रश्न मी लिहिला, काकूंनी त्यातला 'कृपया' खोडला.

एक काम आहे तुझ्याकडे. सोबत फाइलमधल्या तीन पानांच्या प्रती जोडल्या आहेत. तिसऱ्या पानावर त्याच वर्षाच्या वर्गीकरणांची यादी आहे. लेखाशीर्षं, मूळ तरतूद, वळती रक्कम, शिल्लक असं काहीबाही आहे. मला त्यातलं निम्मं कळत नाही. काकूंना वाटतं, गटाराचे सगळे पैसे कारंज्यात गेलेले दिसत नाहीत, काही भाग तिसरीकडेच गेलाय. त्यांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात. तू दिवसभर हिशेबच तपासतेस. जरा नीट बघ, आणि जमलं तर शनिवारी रात्रीच्या गाडीने ये. काकूंना मी सांगून ठेवलंय, चिऊ आली की तिला दाखवू.

आई बरी आहे. तिने मला ते खेकसणं माफ केलंय की नाही, ते ती सांगत नाही.

तुझा,
बाबा