सुभाषनगरच्या मावशींना, एका गोलकीपरचं पत्र

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. त्याला सांगा, घाई करू नकोस, सावकाश वाच. मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत. दारात उभं राहून 'लई उपकार झाले' म्हणाले होते, पण तेवढ्यानं माझं मन भरलं नाही.

तुम्ही कोल्हापुरी चपला करता म्हणून डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले, तेव्हा माझ्या दोन्ही काखांत आइस हॉकीत गोलकीपर पायाला बांधते तो एकेक पॅड होता आणि गळ्यात फाटका ग्लव्ह. त्याआधी सगळं कोल्हापूर पालथं घातलं होतं. बॅग शिवणारे झाले, गाड्यांची सीटकव्हरं करणारे झाले. एकानं सांगितलं, एवढ्या जाडीतनं मशीनची सुई जाणार नाही. खेळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तर पॅड हातातही घेतला नाही. "मुलींचं काय, वर्षभर हौस असते," असं माझ्या तोंडावर म्हणाले. मी नऊ वर्षं गोलात उभी आहे, मावशी. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते.

तुम्ही पॅड मांडीवर घेतलात. उलटा केलात, अंगठ्यानं शिवण चाचपली, जिथं कापड विरलं होतं तिथं नख लावून बघितलंत. मुलीचा का मुलाचा, हे विचारलंच नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "ह्यो घसराय पायजे का अडाय पायजे?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वाचणाऱ्यांसाठी सांगते. आइस हॉकीत गोलकीपर दोन्ही गुडघ्यांवर बसते आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरते. फुलपाखराच्या पंखांसारखं दिसतं म्हणून त्याला बटरफ्लाय म्हणतात. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजन साधारण १७० ग्रॅम. ती बर्फालगत येते तेव्हा पॅडची भिंतच तिला अडवते. पण खेळणारीनं पलीकडे पास दिला, की त्याच बसलेल्या स्थितीत गोलाच्या दुसऱ्या खांबापर्यंत घसरत जावं लागतं. म्हणजे पॅडची आतली कड बर्फावरून सरकली पाहिजे. अडली की गोल झाला.

आणि माझी तीच कड गेली होती. कोल्हापुरात बर्फ कुठला? मी रोलर हॉकी, म्हणजे चाकांच्या बुटांवरची हॉकी, खेळत मोठी झाले, शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर. पॅड मुलांचे, जुने, तिसऱ्या हाताचे. सिमेंटनं ते कानशीनं घासल्यासारखे खाल्ले होते, आणि जानेवारीत मला लेहला शिबिराला जायचं होतं. पहिल्यांदा खऱ्या बर्फावर.

"चपलीला अडाय लागतंय, हिला घसराय लागतंय," असं स्वतःशीच म्हणत तुम्ही कातडं निवडलंत. त्याची गुळगुळीत बाजू बाहेर घेतलीत. आधी रापीनं बारीक चर पाडलात आणि त्या चरात टाके बसवलेत, वर एकही टाका दिसू दिला नाहीत. मी विचारलं, असं का? तर म्हणालात, "टाका भुईला लागला की तुटला. त्याला आत घालाय लागतोय." भिजवलेली वादी, आरीचं भोक, ओढ, पुन्हा भोक. मी दोन तास बघत बसले होते. मग म्हणालात, "जा आता, मी करून देतो. चार दिसांनी ये."

(आपल्याकडं बायकाही 'येतो, जातो, करतो' म्हणतात, याचं शिबिरात एका पुण्याच्या मुलीला फार नवल वाटलं. मला मात्र तिथल्या थंडीत तुमचं ते 'करून देतो' रोज आठवायचं.)

ग्लव्हबद्दल जास्त लिहायला हवं. पक झेलायच्या हातमोज्यात अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये जाळीचा खिसा असतो. माझ्या मोज्याच्या नाड्या तुटून त्या खिशाचं भगदाड झालं होतं. तुम्ही तिथं चपलेवर घालता तशी वेणी घातलीत. घालता घालता म्हणालात, "तळ कापायचं गडीमाणसांनी, येणी घालायची बायकांनी. माझ्या आईपासनं हेच." मी लहानपणापासून कोल्हापुरी घालते, मावशी. तिला खिळा लागत नाही हे अभिमानानं सगळ्यांना सांगते. पण ती वेणी कुणाच्या बोटांतून येते, हे त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हतं. याची मला लाज वाटली.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला मिरवल्या गेल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून केवढी ओरड झाली. ती रास्तच होती. पण त्या सगळ्या बातम्या मी पुन्हा शोधून वाचल्या. कारागीर म्हणून फोटो बहुतेक पुरुषांचे. वेणी घालणारी बाई क्वचितच दिसली.

तुम्ही मला विचारलं होतंत, "बायका खेळत्यात व्हय बर्फावर?" तेव्हा मी घाईत होते, अर्धवट सांगितलं. आता सांगते.

खेळतात. शंभर वर्षांहून जास्त काळ खेळतात. कॅनडात लॉर्ड स्टॅन्ली नावाचे गव्हर्नर जनरल होते. त्यांनी १८९२ साली दिलेला चषक आजही जगातला सगळ्यांत नावाजलेला हॉकीचा चषक आहे. त्यांची मुलगी इझाबेल स्वतः खेळायची. ओटावातल्या बर्फावर लांब पांढऱ्या झग्यात हॉकी खेळतानाचा तिचा फोटो आहे. बापाचं नाव चषकावर राहिलं आणि मुलीचा एक फोटो उरला. मला तो फोटो फार आवडतो. माझ्या खोलीत लावलाय.

पुरुषांचं आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये १९२० साली आलं. बायकांचं यायला १९९८ उजाडलं, जपानमधल्या नागानोला. तिथं अमेरिकेनं कॅनडाला ३-१ हरवून पहिलं सुवर्ण जिंकलं. त्याआधी १९९० मध्ये ओटावात बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा कॅनडाच्या मुलींना गुलाबी जर्सी घालून खेळवलं होतं, लोकांचं लक्ष जावं म्हणून. त्यांनी त्या जर्सीत जग जिंकलं. मानाँ रेओम नावाची गोलकीपर १९९२ मध्ये पुरुषांच्या सर्वांत मोठ्या लीगच्या सरावसामन्यात उतरली. तोवर कुठलीच बाई तिथं खेळली नव्हती. आणि टोरांटोत हॉकीचं 'हॉल ऑफ फेम' आहे, थोर खेळाडूंचं सन्मानघर म्हणा. तिथं १९४५ पासून खेळाडूंची नावं लागतात. पहिल्या दोन बायकांची नावं लागली २०१० मध्ये, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रानाटो. पासष्ट वर्षं लागली. अँजेला जेम्सला तर ऑलिंपिक खेळायलाच मिळालं नाही. तिची उमेदीची वर्षं गेली तेव्हा बायकांचं हॉकी तिथं नव्हतंच, आणि १९९८ ला तिला संघात घेतलं नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या मुलींनी सांगून टाकलं, नीट मानधन आणि सोयी दिल्याशिवाय जागतिक स्पर्धेत उतरणार नाही. स्पर्धा त्यांच्याच देशात होती. सगळ्या एकत्र राहिल्या, करार झाला, मग उतरल्या आणि सुवर्ण घेऊन गेल्या. जानेवारी २०२४ पासून उत्तर अमेरिकेत बायकांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माँट्रियलला एका सामन्याला २१,१०५ माणसं तिकीट काढून आली. आपलं खासबागचं मैदान कुस्तीला भरतं तेव्हाचा आवाज आठवा. बायकांच्या खेळाला तसा आवाज. मी मोबाईलवर बघितला तो सामना, आणि ढसाढसा रडले.

आता लेहचं. तिथं रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, हे थंडीनं गोठलेलं तळंच. रात्री पाणी मारायचं, ते गोठू द्यायचं, सकाळी झाडायचं. वर्षातले जेमतेम दोन महिने. लडाखच्या मुली याच बर्फावर शिकल्या. आधी मुलांचं खेळून व्हायची वाट बघायच्या, त्यांचेच बूट मागून घ्यायच्या. भारताच्या महिला संघात बहुतेक मुली तिथल्याच. २०१६ मध्ये तैपेईला त्या पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या आणि हरल्या. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवलं. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक आणलं. वाळवंटातल्या रिंकवर, मावशी, आणि वर्षात दोन महिने बर्फ मिळणाऱ्या मुलींनी. आपल्या गावात किती जणांना ही बातमी कळली?

या संघाची एक गोलकीपर आहे, नूर जहाँ. लेहची. ती जुनी भित्तिचित्रं आणि थांगका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, दुरुस्त करायचं काम करते, हातानं, बारीक ब्रशनं. मला तिच्याबद्दल वाचताना तुम्ही दिसलात, मान खाली घालून आरी चालवताना.

शिबिराच्या पहिल्या दिवशी उणे चौदा तापमान होतं. इतरांचे पट्टे लाकडासारखे ताठ झाले होते. माझी वादी मऊ होती. तुम्ही निघताना बाटली दिली होतीत ना? "खोबऱ्याचं त्याल लावू नगंस, थंडीत थिजतंय. एरंडेल लाव." रोज रात्री हीटरजवळ बसून लावत होते. तिसऱ्या दिवशी लडाखच्या मुलींशी सामना झाला. आम्ही ७-१ हरलो. त्या वाऱ्यासारख्या येतात, मी पहिल्या पाच मिनिटांतच तीन गोल खाल्ले. पण दुसऱ्या सत्रात एक मुलगी एकटी पुढं आली. तिनं डावीकडं हूल दिली आणि उजवीकडं मारला. मी बसले, घसरले, आणि पॅड खांबाला जाऊन टेकला. पक तुमच्या कातड्यावर आदळला. धप्प. फळीवर आदळल्यासारखा नव्हे, मऊ आवाज. टाका एकही हलला नाही. त्यानंतर आणखी दोन अडवले, आणि एक त्या वेणीच्या खिशात झेलला.

सामना संपल्यावर तीच मुलगी माझ्याजवळ आली आणि मोज्यातली वेणी बोटानं चाचपून बघत राहिली. तिचेही पॅड चार ठिकाणी ठिगळलेले होते. "किसने बनाया?" मी तुमचं नाव सांगितलं. इथं लिहीत नाही, तुम्ही 'न्हाई बाबा' म्हणालात म्हणून. पण तिथं, त्या तळ्यावर, पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. तिनं दोनदा म्हणून बघितलं. मग बाकीच्या मुली आल्या, त्यांनाही सांगितलं. पॅडच्या आत तुम्ही आरीनं पाच भोकांचं फूल काढलंय, तेही दाखवलं. एकीनं त्याचा फोटो काढला.

तुम्ही माझ्याकडून चारशे रुपये घेतलेत. दोन पॅड, एक ग्लव्ह, चार दिवस. मी जास्त देऊ लागले तर हात मागं घेतलात. घरी आल्यावर बाबांनी खाशाबांची गोष्ट काढली. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ती गोष्ट कोल्हापुरातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मी पदक आणलेलं नाही, आणीन की नाही माहीत नाही. तरी बाबा म्हणाले, तुझ्यासाठी हे तेवढंच मोठं आहे. मलाही तसंच वाटतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात मुलींनी नेमबाजी करावी की नाही, असं आता कुणी विचारत नाही. बर्फावरच्या खेळाबद्दल अजून विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत.

आता कामाचं. आमच्या मैदानावर तीन नव्या मुली येतात, सगळ्यांत धाकटी अकरा वर्षांची, तिला गोलातच उभं राहायचंय. तिच्या मापाचे पॅड मिळत नाहीत. मी पावसाळ्याआधी तिला घेऊन येते. या वेळी मजुरी आधी ठरवू, आणि ती तुम्ही पूर्ण घ्यायची. माझ्याही डाव्या पॅडची खालची वादी थोडी ढिली झाली आहे, तीही बघा. एरंडेलाची बाटली संपली, रिकामी परत आणते.

तुमची,
ती पॅडवाली पोरगी