विषय: शिळ्या निघालेल्या सिंगल ओरिजिन (एकाच भागात पिकलेल्या) कॉफीच्या कॅप्सूल आणि तुमच्या कस्टमर केअरची उत्तरं

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला. आता लेखीच देते.

तुमच्या यिर्गाचेफे कॅप्सूलचा पहिला खोका मी जपून जपून संपवला होता. इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातली, फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका. जाईचा वास, लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ आंबटपणा. सोबतच्या टेस्टिंग कार्डावर लिहिलं होतं, तेच कपात उतरत होतं. लिंबाच्या केकचा घास घेऊन वर घोट घेतला की जाई आणखी खुलायची.

दुसऱ्या खोक्यातल्या दहापैकी पाच कॅप्सूल वापरल्या. पाचही शिळ्या. ४० मिलिलिटरचा शॉट काढला तर क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा फेस, फिकट आणि विरळ. कप टेबलावर ठेवेपर्यंत मधोमध फुटून त्याची कडेला नुसती रेघ उरते. वास ओल्या पुठ्ठ्याचा. कार्डावर सुचवलेलं ७० टक्के कोकोचं चॉकलेट सोबत खाल्लं, तर कडूवर कडू. पहिल्या खोक्यातल्या कॅप्सूलची झाकणं किंचित फुगलेली होती, कारण भाजलेल्या कॉफीतून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. क्रेमाही त्याच वायूमुळे येतो. या खोक्यातली झाकणं सपाट आहेत, दोन तर आत गेलेली. सील गळतंय असा माझा स्पष्ट संशय आहे, आणि तो तपासणं तुमचं काम आहे.

पहिल्या तीन फोनवर एकच उत्तर: मशीन डीस्केल करा, म्हणजे आत साचलेले क्षार काढा. केलं. दोनदा केलं. त्याच मशीनमधून, त्याच पाण्यात दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल उत्तम उतरते. बहिणीला काही न सांगता दोन्ही कप पुढे केले. तुमच्या कपाचा वास घेऊन ती म्हणाली, "ही कॉफी जुनी आहे का गं?"

आजच्या फोनवर मी झाकणांबद्दल सांगत होते. तुमच्या प्रतिनिधीने मला मध्येच तोडलं.

"मॅडम, ब्लॅक कॉफी सगळ्यांनाच झेपत नाही. दूध-साखर घालून बघा."

मी म्हटलं, मी वर्षानुवर्षं बिनदुधाचीच पिते, प्रश्न कॉफी शिळी असण्याचा आहे.

"चव ज्याची त्याची असते, मॅडम."

लॉट नंबर लिहून घ्या म्हटलं, तर "त्याची गरज नाही" म्हणून तक्रार बंद केली. बंद! जाई आणि लिंबाच्या नावावर तुम्ही जास्त पैसे घेता, आणि ते कपात नाही म्हटलं की दूध घालायला सांगता? दुधात तो नाजूक आंबटपणा बुडून जातो, हे तुमच्याच कार्डावर छापलंय. तुमच्या माणसांनी ते कार्ड वाचलेलं नाही. चार फोन झाले, लॉट नंबर एकानेही विचारला नाही.

तो मी खोक्याच्या फोटोसह जोडला आहे. या लॉटची भाजणी कधी झाली आणि सील तपासलं होतं का, याचं लेखी उत्तर आणि पूर्ण पैसे मला १५ दिवसांत हवेत. नाहीतर मी ग्राहक न्यायालयात जाईन, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. तुमची कॉफी मी चार जणांना आवर्जून पाजली होती, म्हणून जास्त लागलं.

उरलेल्या पाच कॅप्सूल न वापरता ठेवल्या आहेत. माणूस पाठवून तपासणीला घेऊन जा.

– तुमची एक ग्राहक