सिगारेटला पट्टी, सुरुंगाला काहीच नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रात्री एका वाहिनीवर पुरातत्त्वावरची साहसमालिका लागते. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? मी ती नातवाबरोबर बघतो आणि खरं सांगायचं तर आवडीनं बघतो. गेल्या आठवड्यात नायकानं आधी सिगारेट पेटवली आणि मग ‘तीन हजार वर्षांपूर्वीच्या’ भिंतीला सुरुंग लावला. सिगारेट पेटली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात धूम्रपानाच्या इशाऱ्याची पट्टी आली. भिंत उडाली तेव्हा काहीच आलं नाही. उलट संगीत वाढलं.

मी पुरातत्त्वज्ञ नव्हे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. पण कॉलेजात नाव घालण्याआधीचे दोन हिवाळे मी इनामगावच्या उत्खननावर रोजानं होतो. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथं खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं मी पुढं पुस्तकांत वाचली; तेव्हा आमच्या लेखी सगळेच ‘साहेब’. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आमच्याकडं पांढर म्हणतात. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं मुरून माती पांढुरकी झालेली असते. लोक ती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेत आले, कुणी धाब्यावर घालायला, कुणी शेतात टाकायला.

मालिकेतल्या चुका काढत बसलो तर तुमचं पान पुरणार नाही. एकच सांगतो. त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या तळघरात भिंतीवर लेख आहे आणि नायिका तो घडाघडा वाचते. इनामगावची वस्ती इ.स.पू. १६०० च्या सुमाराची, ती इ.स.पू. ७०० च्या आसपास उठली. त्या लोकांना लिहिताच येत नव्हतं. आपल्याकडचा जुना म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो नाणेघाटातला सातवाहनांचा लेख यानंतर काही शतकांनी कोरला गेला. पण ठीक आहे. नाटकवाल्यानं चार-पाचशे वर्षं इकडची तिकडं केली तर माझी तक्रार नाही. नाग सोडा, भुयार खणा, नायक-नायिकेला एकाच तंबूत अडकवा. माझं दुखणं वेगळं आहे.

ते कळायला माझी एक फजिती ऐका. पहिल्याच आठवड्यात मला खड्ड्याच्या कडेला नक्षीचं एक खापर दिसलं, लालभडक, वर काळ्या रेघा. मी ते उपसलं, सदऱ्याला पुसलं आणि शाबासकी मिळेल म्हणून धावत साहेबांकडं नेलं. त्यांनी विचारलं, ‘‘कुठं होतं?’’ म्हटलं, ‘‘तिथं.’’ ‘‘तिथं म्हणजे कुठं? किती खोल? कुठल्या थरात?’’ मी गप्प. त्यांनी ते खापर वेगळ्या टोपलीत टाकलं. ओरडले नाहीत. दुपारी सोबतच्या गड्यानं सांगितलं, ‘‘त्या टोपलीतलं हिशेबात धरत नाहीत.’’ मी हात घालेपर्यंत ते खापर कुणाच्या तरी चुलीपासून हातभर अंतरावर, अमुक थरात, अमुक माणसांच्या काळात होतं. मी उचललं आणि ती नुसती फुटकी मातीची चकती झाली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका घराच्या चोपलेल्या जमिनीत काळसर गोल डाग दिसला. आता मी शहाणा झालो होतो, कुदळ स्वतःहून बाजूला ठेवली. सुरी, बांबूची काडी आणि ब्रश. तीन दिवस लागले. वर आली ती दोन राखाडी मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत माझ्या करंगळीएवढी हाडं. तान्हं मूल गेलं की ते लोक त्याला असं मडक्यांत घालून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. माझी काकू घमेली उचलायला होती. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘लेकरू लांब न्हाई जाऊ दिलं गं बाईनं.’’ त्या दिवशी तिनं पुढं घमेलं उचललं नाही, मुकादमही काही बोलला नाही. मडकी हलवायच्या आधी त्यांची मापं घेतली, चित्रं काढली, फोटो काढले. मालिकेचा नायक अशी मडकी लाथेनं बाजूला सारून पुढं जातो, कारण त्याला सोनं हवं असतं.

मालिकेच्या लेखकाला मसाला हवा असेल तर खऱ्या पांढरीत तो कमी नाही. इनामगावला मोठी माणसं आडवी पुरलेली सापडली, आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेलं माणूस उठून चालायला लागू नये म्हणून, असा तर्क करतात. आता त्याच गावात धान्याच्या कोठाराशेजारी एक पाच खोल्यांचं घर. त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा चार पायांचा रांजण, पोट सुटलेल्या माणसासारखा. आत चाळिशीचा पुरुष, गुडघे दुमडून बसलेला. त्याचे पाय मात्र शाबूत! सोबत ठेवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली. हा कोण? गावचा मुखिया असावा असं म्हणतात. मग त्याच्या चालण्याची कुणाला भीती वाटली नाही की त्याचे पाय तोडायची कुणाची छाती झाली नाही? एवढ्यावर चार भाग आरामात निघतील आणि सुरुंगाचा खर्चही वाचेल.

आणि ती हिशेबात न धरायची टोपली केवढी मोठी असू शकते, ते दायमाबादला कळतं. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावी एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पं सापडली: बैलांच्या रथावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, तो सरपण काढत होता. पण ती थर बघून निघाली नाहीत. पुढं १९७६ ते ७९ पुरातत्त्वज्ञ साळी साहेबांनी तिथं रीतसर उत्खनन केलं, एकाखाली एक अशा पाच संस्कृती लावून दाखवल्या; तरी ती शिल्पं नेमकी त्यांतल्या कुणाची, हा वाद राहिलाच. कुणी उत्तर हडप्पाकाळातली म्हणतात, तर कुणी धातूतल्या आर्सेनिकवर बोट ठेवून पुष्कळ नंतरची म्हणतात. एवढा अस्सल ऐवज, आणि तो कुणाच्या हातचा ते ठामपणे सांगता येत नाही. सुरुंगानं तर वाद घालायलाही काही उरत नाही.

‘मालिका ती मालिका, कोण मनावर घेतो?’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या शिवारात यावं. आमच्या गावालाही एक लहानशी पांढर आहे, अजून कुणी न खणलेली. दिवाळीनंतर तिच्यात एका रात्रीत दोन खड्डे पडले, कमरेएवढे. कडेला लिंबं, हळद-कुंकू. खापरांचा ढीग बाजूला फेकलेला, जमिनीचे चोपलेले थर उभे कापलेले. गुप्तधनाचा नाद आमच्याकडं आजचा नाही, मालिकेनं तो लावला असंही मी म्हणत नाही. त्या नादापायी माणसांचे बळी गेले म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावानं चालणारे अघोरी प्रकार घालावे लागले. पण त्याच आठवड्यात एका तरुण पोरानं मला पारावर गाठून विचारलं, ‘‘मास्तर, तुम्ही खणायला होता ना? ते टीव्हीत दाखवतात तसलं टूं-टूं वाजणारं मशीन कुठं मिळतं?’’ पोर चांगलं आहे, माझ्याच हाताखाली शिकलेलं. मी त्याला खड्ड्यापाशी नेऊन कापलेले थर दाखवले. त्याला त्यात नुसती माती दिसली. मालिकेत तर थर कधी दाखवतच नाहीत, त्याला तरी कुठून दिसावेत!

म्हणून वाहिनीकडं एकच मागणं आहे. सिगारेटसारखीच एक पट्टी इथंही लावा. दोन ओळी पुरतील: परवान्याशिवाय संरक्षित पुरातन स्थळी उत्खनन करणं गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट मी १८७८ च्या कायद्यातली सांगतोय, नवीन काही मागत नाही. आणि जमलंच तर एखाद्या भागात नायकाच्या हातात ब्रश द्या. नट देखणा आहे, ब्रश हातात घेऊनही शोभेल.

परवा जाहिरातींच्या वेळात नातवानं विचारलं, ‘‘आबा, तुम्हाला तिथं काय सापडलं होतं?’’ म्हटलं, ‘‘सातू.’’ ‘‘म्हणजे?’’ म्हटलं, धान्य. जळून काळं झालं म्हणून टिकलं. माती पाण्यात कालवून, चाळणीनं गाळून दाणे वेचले होते. ते लोक काय पेरत होते ते त्यावरून समजलं. तो जरा वेळ विचारात पडला. ‘‘मग ते खाल्लं नाही कुणी?’’ घर जळालं असेल रे, म्हटलं. तो आणखी काही विचारणार होता, तेवढ्यात मालिका पुन्हा सुरू झाली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. शिरूर, जि. पुणे