सईस पत्र : ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं स्टिकर वाच

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चार ग्राफिक्स कार्डांची यादी पाहिली. यादी वाईट नाही, पण खोक्यावरची नावं बघून केलेली दिसते. स्वस्तातल्या कार्डांमध्ये नावाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. म्हणून नावं जरा बाजूला ठेव आणि टेबलाखाली जे मशीन आहे तिथून सुरुवात कर. तुझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, बी४५० मदरबोर्ड आहे, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आहे, जुनं जीटीएक्स १०५० टीआय आहे आणि १९२० बाय १०८० चा, ७५ हर्ट्झचा मॉनिटर आहे. निम्मी निवड इथेच झाली. हा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवणार. दीडशे चित्रं काढणाऱ्या कार्डाचे जादा पैसे त्यावर फारसे दिसायचे नाहीत.

यादीतलं पहिलं, आरएक्स ६५०० एक्सटी, खोडून टाक. ते सगळ्यात स्वस्त का आहे ते समजून घे, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल. त्याचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा, पण आत चारच लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, जोडलेल्या असतात. पीसीआय एक्सप्रेस (कार्ड ज्या स्लॉटात बसतं त्याची पद्धत) ४.० च्या बोर्डावर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. तुझं बी४५० मात्र ३.० चं आहे, म्हणजे तिथे ते ४ जीबीवर येतं. एरवी हे चाललंही असतं. पण कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच आहे. गेमचे टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, त्यात मावले नाहीत की उरलेले साध्या रॅममध्ये ठेवून लागतील तसे आणावे लागतात, आणि ते याच अरुंद बोळातून यायचे. वळणावर मान फिरवलीस की चित्र क्षणभर अडकतं, ते यामुळे. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे गेम खेळताना रेकॉर्डिंग करायचं तर सगळा भार प्रोसेसरवर.

दुसरं, आरटीएक्स ३०५०. याच नावाची दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ मधलं ८ जीबीचं, २५६० कोअरचं, १३० वॉटचं. २०२४ मधलं ६ जीबीचं, २३०४ कोअरचं, ७० वॉटचं. तुझ्या यादीत दुसरं आहे. फरक फक्त २ जीबीचा वाटतो, पण मेमरीचा वेग काढून बघ. बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधली वाट, तिची रुंदी भागिले ८, गुणिले मेमरीचा डेटा रेट (दोन्हींचा १४). ८ जीबीवाल्याची बस १२८ बिट, म्हणजे १६ गुणिले १४, सेकंदाला २२४ जीबी. ६ जीबीवाल्याची ९६ बिट, म्हणजे १२ गुणिले १४, फक्त १६८. हे गणित एकाच पिढीतली, एकाच घराण्यातली कार्डं तोलायला चांगलं. वेगळ्या कंपन्यांची तोलायला नाही, कारण कुणी चिपवर मोठी कॅश (जवळची वेगवान मेमरी) देऊन अरुंद बसची कसर भरून काढतं.

तरी ६ जीबीच्या ३०५० ला मी नावं ठेवणार नाही. बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि हे ७० वॉटचं कार्ड तेवढ्यावर चालतं, वेगळी वायर लागत नाही. ऑफिसातून निघालेल्या, कार्डासाठी वायरच नसलेल्या कॉम्प्युटरला ते उत्तम. तुझ्या एसएमपीएसला वायर आहे, मग त्या सोयीचे पैसे तू कशाला मोजायचे?

उरली आरएक्स ६६०० आणि सेकंडहँड आरटीएक्स ३०६०. माझं मत ६६०० ला. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एक ८ पिनची वायर. लेन याच्याही पूर्ण नाहीत, आठच आहेत, पण मेमरी दुप्पट असल्यामुळे ३.० च्या बोर्डावर फटका किरकोळ बसतो. १०८० पिक्सेलला बहुतेक गेम हाय सेटिंगवर सेकंदाला ६० चित्रांच्या आसपास किंवा वर चालतील; अगदी जड गेमला टेक्श्चर एक पायरी खाली आण. ३०६० थोडं वेगवान आहे आणि त्यात डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र, आहे. १०८० पिक्सेलवर क्वालिटी मोड लावला की आतलं चित्र १२८० बाय ७२० चं बनतं आणि मग मोठं केलं जातं. इतक्या कमी पिक्सेलवरून डीएलएसएसचं चित्र एएमडीच्या तशाच एफएसआर २ पेक्षा स्वच्छ येतं, हे खरं. पण ३०६० ला १७० वॉट लागतात. शिवाय त्याचंही ८ जीबीचं एक भावंड आहे, १९२ ऐवजी १२८ बिटचं. घेतलंस तर १२ जीबीचंच घे.

कुणीतरी तुला इंटेलचं आर्क बी५८० सुचवेल. १२ जीबी मेमरी, नव्या प्रोसेसरबरोबर छान कार्ड. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर काही गेममध्ये वेग चांगलाच घसरतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर आणखीच.

आता एसएमपीएस. '४५० वॉट' या मोठ्या अक्षरांकडे बघू नकोस, बाजूच्या स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना बघ. तिथे ३६ अँपिअर असेल तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॉट, उत्तम. २४-२५ अँपिअरच असेल तर तो नावाचाच ४५० वॉटचा, खरे ३०० च्या आतले. तुझा प्रोसेसर भरात ८८ वॉटपर्यंत घेतो, ६६०० चे १३२, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंख्यांचे ५० धर. २७० झाले. कार्ड क्षणभर यापेक्षा बरंच जास्त ओढतं, म्हणून वर मोकळी जागा हवी. ती नसेल तर गेम रंगात आला की मशीन अचानक बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि माणसं ड्रायव्हर बदलत बसतात.

वायरचंही नीट बघ. कार्डाची ८ पिनची वायर ६ अधिक २ अशी विभागलेली असते. प्रोसेसरची ८ पिनची ४ अधिक ४. दोन्हींच्या आत १२ व्होल्ट आणि अर्थिंग उलट्या बाजूंना असतात. प्लगची ठेवण वेगळी असल्यामुळे सहज बसत नाही. जोर लावून बसवायला गेलीस तर कार्ड गेलंच. जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून ८ पिन करणारा जोड वापरू नकोस, तो वितळू शकतो. दुसऱ्या मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची वायर उचलून लावायची नाही. प्लग बसला तरी एसएमपीएसच्या टोकाला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो.

जागा मोज. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत ते बघ आणि कार्डाच्या लांबीशी ताड. वायरचा प्लग बहुतेक कार्डांत वरच्या कडेला येतो, तो वाकून झाकण बसायला तीन-चार सेंटिमीटर हवेत. हे मोजायचं राहतं आणि मग झाकण फुगलेलं दिसतं.

सेकंडहँडकडे वळलीस तर एक लक्षात ठेव. इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं आणि त्या काळात राबलेली खूप कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात एवढंच. समोर चालवून दाखवायला सांग. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून कोअरची संख्या आणि बसची रुंदी वाच. आरएक्स ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ कोअरचं कार्ड विकलं जातं ते इथेच पकडलं जातं. मग वीस-पंचवीस मिनिटं भार देऊन चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिचा सगळ्यात तापलेला भाग, यांतलं अंतर बघ. १५-२० अंशांचं अंतर नेहमीचं, ३० च्या वर गेलं तर चिपवरची पेस्ट वाळलेली किंवा कूलर नीट न बसलेला. पडद्यावर ठिपके किंवा चौकटी चमकल्या तर बहुधा मेमरी गेलेली. कितीही स्वस्त असो, परत फीर. जीटीएक्स १०७०, १०८० च्या मोहात पडू नकोस. एनव्हिडियाने त्या पिढीचे गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, आता फक्त सुरक्षेचे येतात. काही नवे गेम तर रे ट्रेसिंगचं (प्रकाशाची वाट मोजून चित्र काढायचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत.

चाचण्यांचे आकडे वाचताना सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती चित्रं) थांबू नकोस, 'एक टक्का लो', म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का चित्रांचा वेग, बघ. सरासरी ७० आणि लो २५ असलेला गेम हाताला अडखळत लागतो. सरासरी ५५ आणि लो ४५ असेल तर सुरळीत. किंमत भागिले एफपीएस जरूर काढ, पण कार्डापायी एसएमपीएस बदलावा लागणार असेल तर तोही खर्च त्यात धर.

बसवण्यापूर्वी जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढ, इंटरनेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज स्वतःहून अर्धवट काहीतरी टाकून ठेवतं. मॉनिटरची वायर कार्डालाच लाव. तुझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयवर काळोखच दिसेल. विंडोजमध्ये ७५ हर्ट्झ निवडलेत का ते बघ, बरेचदा ६० वरच राहिलेले असतात. बायोसमध्ये रिसायझेबल बारसाठी सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, बंद करावं लागतं. त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची आहे याची खात्री कर. जुन्या एमबीआर मांडणीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज उठणारच नाही. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच घे. एका पट्टीवर प्रोसेसरच अडखळतो आणि शिव्या कार्डाला बसतात.

स्टिकरचा फोटो आणि कॅबिनेटमधल्या मोकळ्या जागेचं माप आजच पाठव. १२ व्होल्टचा आकडा बघितल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

तुझी,
आई