रेझिनमधला रंग जरा बेतानं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला रेझिनच्या (हार्डनर नावाचं दुसरं द्रव मिसळलं की कडक होणाऱ्या पातळ प्लास्टिकसारख्या द्रवाच्या) कोस्टरवरचा, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकत्यांवरचा, लेख आवडला, पण रंगाबद्दल नुसतं 'आवडीप्रमाणे घाला' म्हटलंय ना, तिथेच नवखे लोक फसतात, मीही फसलेय. गडद निळा हवा म्हणून अर्धी बाटली ओतली आणि कोस्टर दोन दिवसांनीही चिकटच, बोट टेकवलं की ठसा! रंग जास्त झाला की रेझिन आणि हार्डनरचं ठरलेलं प्रमाण बिघडतं आणि मिश्रण नीट कडक होत नाही. दोन्ही मिळून १०० ग्रॅम असेल तर रंग २-३ ग्रॅमपासून सुरू करावा, ५-६ च्या वर जाऊच नये. आणि हो, वजनकाटा वापरा, अंदाजपंचे नको. पेस्ट असेल तर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढी घ्यायची, ढवळायची, मगच पुढची. कपात रंग गडद दिसतो पण पातळ थरात फिका पडतो, म्हणून एक थेंब पांढऱ्या प्लास्टिकवर पसरून बघायचा. पाण्यातले ॲक्रिलिक रंग तर शक्यतो टाळाच, पाण्यामुळे रेझिन गढूळ होतं. तो निळा कोस्टर अजून चिकटच आहे, धूळ गोळा करतोय.

- एक हौशी वाचक