पाणी न्हाई तर स्लॅब न्हाई

नोवोसिबिर्स्क (रशिया),
18 जानेवारी

ती. आण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

मी इथं बरा आहे. आईला सांगा, हातमोजे दोन-दोन घालतो, कान झाकतो. काल रात्री उणे 24 होतं. ओब नदीवर बर्फाचा एवढा जाड थर बसलाय की माणसं वरून चालत जातात.

तुम्ही फोनवर विचारलं होतं, "एवढ्या थंडीत स्लॅब कसा टाकतेत?" आवाज तुटत होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहायलोय.

इथं काँक्रीटला विजेनं ऊब देतात. सळई बांधून झाली की तिच्यालगत प्लॅस्टिकचं आवरण असलेली 1.2 मिलीमीटर जाडीची पोलादी तार फिरवायची. सैल बांधायची, ताणली तर माल ओतताना तुटते. तार मालात बुडालेली असली तरच तिची उष्णता ओढली जाते, उघडी राहिली की जळते. म्हणून बाहेर येणाऱ्या टोकाला जाड अ‍ॅल्युमिनियमची तार जोडतात. ट्रान्सफॉर्मर 380 व्होल्टचे 55 ते 95 व्होल्ट करतो. माल पूर्ण पडून, वर प्लॅस्टिक आणि जाड गाद्या पांघरून झाल्यावरच करंट सोडायचा. मागच्या महिन्यात एका कॉलममध्ये माल निम्माच पडला असताना कुणीतरी बटण दाबलं. वरची तार जळून गेली. ताडपत्रीचा तंबू करून, गरम हवेचे पंखे लावून तो कॉलम वाचवावा लागला. तीन रात्री कुणी झोपलं नाही.

माझी पाळी रात्रीची. मालात बारीक नळ्या ठेवलेल्या असतात, त्यात थर्मामीटर घालून तापमान वहीत लिहायचं. तासाला 10 अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही. 50 च्या आसपास गेलं की तिथंच धरून ठेवायचं. करंट बंद केल्यावरही गाद्या लगेच काढायच्या नाहीत. आतला माल गरम, बाहेर उणे 20, असं एकदम उघडं पडलं तर तडे जातात.

एवढं सगळं पहिल्या काही दिवसांसाठी. पाण्याचा बर्फ झाला की तो 9 टक्क्यांनी फुगतो. माल कोवळा असेल तर खडी-वाळूची पकडच सुटते, आणि बर्फ वितळला तरी ती पहिल्यासारखी येत नाही. गोठलेलं पाणी सिमेंटाला घेताही येत नाही. एकदा थोडी ताकद आली की मग गोठण्याचं भय राहत नाही.

आण्णा, इथं मला 2016 आठवतं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष. औशाच्या रस्त्यावरचं एक घर तुमच्याकडं होतं, सेंट्रिंग ठोकून झालं होतं, सळई बांधून झाली होती. मालक घाई करायलता. तुम्ही म्हणालात, "पाणी न्हाई तर स्लॅब न्हाई," आणि उचल परत केली. त्या महिन्यात घरात पैसा नव्हता. माझी फी राहिली होती, मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही.

मागच्या आठवड्यात इथं मिक्सरच्या तीन गाड्या उभ्या होत्या आणि वीज गेली तर लागणारा जनरेटर सुरू होईना. वीज गेली असती तर माल रात्रीत गोठला असता. इंजिनिअरनं तिन्ही गाड्या परत पाठवल्या. मी तिथं उभा होतो आणि मला तुम्हीच दिसलात, ती उचल मोजून देताना. मी तेव्हा चुकलो. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं.

आता दादाच्या घराचं. स्लॅब अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टाकणार म्हणतोय, म्हणजे ऊन चाळिशीच्या पुढं. माल भर दुपारी ओतू देऊ नका, दिवस कलल्यावर ओता. वरचा माल थोडा धरला की लगेच ओलं गोणपाट, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरा. गोणीवर पीपीसी (म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर अशा उन्हात 14 दिवस पाणी तुटू देऊ नका. ठेकेदार सात दिवस पुरे म्हणेल. तुम्ही त्याचं ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, पण दादा ऐकेल, म्हणून त्याला हे वाचून दाखवा.

बोअर तोवर आटेल. टँकरचे पैसे वेगळे पाठवलेत, ते फरशीत घालू नका. कॉलमला गोणपाट बांधायला तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, गुडघा जपा.

पाचचं तापमान घ्यायची वेळ झाली. थांबतो.

तुमचा
बाळू